फोटोतल्या आप्पांचं बोट

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी पुण्यात राहते, माहेर कोल्हापूरचं. आमचे आप्पा मे २०२१ मध्ये करोनात गेले. शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. ते शिरोली एमआयडीसीत प्रेस मशीनवर कामाला होते. मी दुसरीत असताना त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाची दोन पेरं मशीनमध्ये गेली. ते उरलेलं अर्धं बोट धरूनच मी शाळेत जायचे.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न आप्पा गेल्यावर झालं. त्याचा मुलगा आता तीन वर्षांचा आहे. यंदा भावाने घर बांधलं. वास्तुशांतीला गेले तर हॉलमध्ये मोठी फ्रेम. आप्पा फेटा बांधून खुर्चीत बसलेत आणि मांडीवर नातू. एआयने करून घेतलेला फोटो. बघताक्षणी मला भरून आलं. मग हाताकडे लक्ष गेलं. बोट पूर्ण होतं. पोटात कसंतरीच झालं. मी आईला म्हटलं, तर आई म्हणाली, "असू दे गं, तिकडं तरी बोट नीट झालं त्यांचं."

आई रोज त्या फ्रेमपुढे उभी राहून बोलते. आप्पांचा जुना, हार घातलेला फोटो आतल्या खोलीत गेला. भावजय म्हणते, "किती हुबेहूब आलेत!" तिने तर आप्पांना पाहिलेलंच नाही. भाचा सांगतो, "मी आजोबांच्या मांडीवर बसलो होतो." आता भावाला भाच्याच्या वाढदिवसासाठी आप्पा आशीर्वाद देताहेत असा व्हिडिओ करायचाय. माझ्या मोबाइलमध्ये आप्पांच्या आवाजाची एक रेकॉर्डिंग आहे, "एसटीत बसलीस का, पोचल्यावर फोन कर" एवढीच. ती तो मागतोय. मला ते सगळं नको वाटतंय, पण का नको ते सांगता येत नाही. घरात सगळे खूश आहेत, मीच एकटी खोट काढतेय. माझं चुकतंय का?

— एक माहेरवाशीण

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी निकडीचं सांगते. ती रेकॉर्डिंग सध्या कुणालाच पाठवू नका. भावाला तोडून नकार द्या असं नाही, "आपण दोघं बसून बोलू, मग ठरवू" एवढंच म्हणा. आणि आजच त्या रेकॉर्डिंगची एक प्रत मोबाइलबाहेर कुठेतरी ठेवा. मोबाइल पाण्यात पडतात, चोरीला जातात.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही खोट काढत नाही आहात. तुम्हाला जे दिसतं ते भावजयीला दिसत नाही. यात तुमचा स्वभाव कुठे आला? तुम्ही आप्पांना ओळखत होता, ती ओळखत नव्हती, इतकंच आहे. २०११ साली ब्रिटनमध्ये एक प्रयोग झाला होता. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी २० असे ४० फोटो लोकांपुढे ठेवले आणि सांगितलं, ज्या माणसाचे फोटो असतील त्याचा वेगळा गठ्ठा करा. डच लोकांनी सहज दोन गठ्ठे केले. त्या दोघांना कधीच न पाहिलेल्या ब्रिटिश लोकांचे साधारण सात-आठ गठ्ठे झाले! उजेड बदलला, केस बदलले, मान जरा वळली की त्यांना माणूसच वेगळा वाटला. अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत आपल्या हाती फक्त समोरचा कागद असतो. ओळखीच्या माणसाचं तसं नसतं. आप्पा रात्रपाळीहून आल्यावर कसे दिसायचे, चिडल्यावर कसे, दाढी वाढल्यावर कसे, हे सगळं तुमच्यात साठलेलं आहे. ते कसे कधीच दिसत नसत, हेही त्यातच आहे.

भावजयीकडे ताडून बघायला काय आहे? आतल्या खोलीतला तो एक हार घातलेला फोटो. त्याच्याशी नवी फ्रेम जुळते, म्हणून ती मनापासून हुबेहूब म्हणते. तिच्यावर राग धरू नका. आणि तिला दिसत नाही म्हणून स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वासही सोडू नका. त्या घरात आप्पांचा हात नीट माहीत असलेली तीनच माणसं आहेत, आणि त्यांतल्या एक तुम्ही आहात.

पोटात कसंतरीच झालं म्हणता, त्याबद्दल. टोकियोतले रोबोटशास्त्राचे प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी १९७० साली एक लेख लिहिला होता. बाहुली किंवा यंत्र माणसासारखं दिसायला लागलं की आपल्याला ते आवडत जातं, पण अगदी माणसाच्या जवळ पोचलं आणि थोडंसंच चुकलं की आवड एकदम ओसरते आणि अंगावर काटा येतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दिलेलं एक उदाहरण हाताचंच आहे. कृत्रिम हात दिसायला इतका खरा असतो की शिरा आणि नखंसुद्धा असतात. पण तो हातात घेतला की गार आणि हाडं नसल्यासारखा लागतो आणि आपण दचकतो. एआयच्या चित्रांबद्दल बोलताना आज हाच लेख पुन्हा पुन्हा आठवला जातो.

तुमच्या बाबतीत मात्र गोष्ट उलटी आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. फ्रेममधल्या हातात तशी काहीच चूक नाही. रस्त्यावरच्या कुणालाही दाखवलात तर तो म्हणेल, हात चांगला आलाय. तुम्ही दचकलात, कारण तो हात तुम्ही धरलेला नाही. ज्या हाताला धरून तुम्ही शाळेत जात होता त्याची ओळखीची खूण पुसली गेली आहे. परक्याला जी दुरुस्ती वाटते त्यात तुमचं मात्र काहीतरी गेलेलं आहे. याला हळवेपणा म्हणू नका. आप्पांच्या आयुष्याचा मोठा भाग त्या बोटात होता. मशीनवरची नोकरी, तो अपघात, त्यानंतर तसंच कामावर जात राहणं, सगळं.

बोट पूर्ण आलं कसं, हे समजून घेतलंत तर भावावरचा राग थोडा उतरेल. एआयची ही प्रणाली कोट्यवधी चित्रांवरून शिकते. कशाशेजारी बहुतेक वेळा काय असतं, एवढं तिच्याकडे जमलेलं असतं. भावाने दिलेला फोटो बहुधा छातीपर्यंतचाच असेल, कामगारांच्या ओळखपत्राला लावतात तसा. त्यात हात कुठून येणार? खुर्चीत बसलेला माणूस आणि मांडीवर मूल काढायचं तर हात हवा, म्हणून जगातल्या बहुतेक हातांसारखा एक हात आला. चेहऱ्याचंही तेच. लहानसा, पुसट फोटो भिंतीएवढा करायचा तर कातडीचा पोत, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, ओठांची ठेवण यांतलं पुष्कळसं त्या प्रणालीला स्वतःहून भरावं लागतं, आणि ती भरते ते सर्वसाधारण चेहऱ्यांवरून. अनेक चेहऱ्यांची सरासरी काढली की जो चेहरा तयार होतो तो लोकांना देखणा वाटतो, हेही फार पूर्वी दिसून आलेलं आहे. ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७८ च्या सुमारास गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापून पाहिले. त्यांना गुन्हेगाराचा ठरावीक तोंडवळा सापडायला हवा होता. मिळाला तो एकेका मूळ फोटोपेक्षा बरा दिसणारा चेहरा. एआयची माणसं जी एकसारखी तुकतुकीत दिसतात, त्याचं एक मूळ इथे असावं. पाहुण्यांना आप्पा "छान" वाटले असतील, तर ते आप्पांमधलं खास त्यांचं असं थोडं थोडं गळून गेल्यामुळे.

एक शक्यता मात्र मनात ठेवा. ते बोट भावाच्या नजरेतून सुटलं असेल. किंवा त्याने बघितलं असेल आणि मुद्दामच तसं राहू दिलं असेल, वडिलांचं बोट निदान कागदावर तरी पूर्ण व्हावं म्हणून. दोन्हीत फार फरक आहे. त्याला विचारल्याशिवाय रागवू नका.

बघताक्षणी तुम्हाला भरून आलं आणि नंतर फसवल्यासारखं वाटलं. या दोन्हींतलं खरं कोणतं, असा तुमचा गोंधळ पत्रातून मला जाणवतो. दोन्ही खरं आहे. २०२३ च्या एका अभ्यासात लोकांना यंत्राने केलेलीच चित्रं दाखवली होती. काहींवर मनमानीने "माणसाने काढलेलं" अशी चिठ्ठी लावली, काहींवर "एआयने केलेलं". चित्रं सगळी एकाच जातीची, तरी माणसाची चिठ्ठी असलेली लोकांना जास्त आवडली, जास्त खोल आणि जास्त मोलाची वाटली. काही जण याला लोकांचा पूर्वग्रह म्हणतात. मी म्हणणार नाही. चित्राच्या मागे कोण आहे, ते कुठून आलं, हे कळणं हाही बघण्याचाच भाग आहे. फोटोच्या बाबतीत तर फारच. फोटो बघताना आपण मनोमन धरून चालतो की कुठल्यातरी दिवशी हा माणूस खरंच तिथे बसला होता आणि त्याच्यावरचा उजेड कॅमेऱ्यात गेला होता. तुमचे अश्रू आप्पांसाठी होते, ते कुणी बनवून घेतले नव्हते. आप्पा नातवाला मांडीवर घेऊन बसले असा दिवस कधी उगवलाच नाही हे आठवल्यावर मन मागे सरलं, तेही योग्यच झालं.

आता आई. इथे मात्र जरा जपून, कारण आईचं वाक्य मी बराच वेळ मनात घोळवते आहे. "तिकडं तरी बोट नीट झालं त्यांचं." या वाक्यात कुठे फसगत दिसते का तुम्हाला? आईला पक्कं ठाऊक आहे की आप्पा नाहीत, हे चित्र केलेलं आहे आणि बोट अर्धं होतं. त्या बोटाला कापड गुंडाळून दिलं असेल ते त्यांनीच. त्यांनी त्या चित्राला स्वतःची जागा दिली आहे, "तिकडं". त्या ज्यांच्याशी बोलतात ते तिकडचे आप्पा आहेत. दुसऱ्या लाटेत ज्यांना आपल्या माणसाजवळ बसता आलं नाही, पाणी पाजता आलं नाही, त्यांच्या मनात एक बोलणं अडकून राहिलेलं असतं. ते आता मोकळं होत असेल तर त्यांना त्या फ्रेमपुढून हलवायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

प्रत्यक्षात कुणी न पाहिलेल्या रूपापुढे उभं राहणं आपल्याकडे नवीन नाही. ज्ञानेश्वर माउलींचं चित्र घरोघरी आहे. ते तेराव्या शतकातल्या कुणी माउलींना समोर बसवून काढलेलं नाही, तरी हात आपोआप जोडले जातात. रविवर्म्यांच्या छापखान्यातून १८९४ पासून कागदावर छापलेले देव निघाले आणि देव्हाऱ्यात जाऊन बसले. गावोगावच्या फोटो स्टुडिओंनीही किती घरांना असंच काही दिलं! नवरा-बायकोचा एकत्र फोटोच नसायचा, मग त्याचा एका फोटोतून आणि तिचा दुसऱ्यातून घेऊन जोडायचे, ब्रशने रंगवायचे. ती जोडपी अजून भिंतींवर आहेत. म्हणून भावाने काही पाप केलं असं मला वाटत नाही. त्याचा हेतू त्या स्टुडिओवाल्यांकडे जाणाऱ्या मुलांसारखाच आहे.

फरक आहे तो पुढच्या पिढीसाठी. ब्रशने रंगवलेलं जोडपं बघून कुणालाही कळायचं की हे जोडलेलं आहे. खांदे जुळायचे नाहीत, पाठीमागचा पडदा वेगळाच असायचा. आताच्या चित्रात असा सांधा दिसत नाही. आज सांगायला तुम्ही तिघं आहात. तुमचा भाचा चाळिशीचा होईल तेव्हा कोण सांगणार?

भाचा तर आत्ताच म्हणतो आहे की मी मांडीवर बसलो होतो. तो खोटं बोलत नाही, त्याला कुणी तसं म्हणूही नका. २००२ मध्ये न्यूझीलंड आणि कॅनडातल्या संशोधकांनी २० मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणीचे फोटो दाखवले. त्यांतला एक बनवलेला होता. लहानपणीचा चेहरा कापून गरम हवेच्या फुग्याच्या पाळण्यात बसवला होता. त्या फुग्यात कुणीच कधी बसलेलं नव्हतं. तीन वेळा बोलणं झाल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांना ती सफर थोडीफार किंवा अगदी सविस्तर "आठवली". मोठ्या माणसांचं असं होतं, मग तीन वर्षांच्या मुलाचं काय? त्याला सरळ सांगावं: "तू जन्मायच्या आधीच आजोबा देवाघरी गेले. तू त्यांच्या मांडीवर बसावंस असं तुझ्या बाबांना फार वाटतं, म्हणून त्यांनी हे करून घेतलं." मुलांना हे कळतं. बाबांना वाटतं, हा भाग तर फारच चांगला कळतो. आणि पाठोपाठ त्या बोटाची गोष्ट सांगावी. ती सांगायचं काम तुमचं आहे, आत्याचं. अर्धं बोट धरून शाळेत जाणं ही गोष्ट कुठल्याही मुलाच्या लक्षात राहील.

आता फ्रेमचं काय करायचं? राहू द्या. पण जागेबद्दल बोला, आणि तिथे तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे जी घरात कुणालाच नाकारता येणार नाही. पितृपक्षात आप्पांच्या तिथीला हार कुठे घालणार? नव्या फ्रेमला घालता येणार नाही, तिच्यात मांडीवर हसतं-खेळतं लेकरू आहे. जिवंत माणसाच्या फोटोला हार आपल्याकडे कुणी घालू देईल का? आईच आधी हात धरतील. म्हणजे आप्पांना हार घालायचा, दिवा लावायचा तो जुन्या फोटोलाच. मग त्याची जागा आतल्या खोलीत का? तो फोटो पुसट असेल, लहान असेल, त्यात ते कॅमेऱ्याकडे ताठ बघत असतील, पण त्या क्षणी ते खरोखर तिथे बसलेले होते. तो पुन्हा हॉलमध्ये आला पाहिजे. तुमच्या मनातली खरी जखम हीच आहे असं मला वाटतं. नवं चित्र आल्यापेक्षा, ते आल्यावर जुने आप्पा उचलून आत ठेवले गेले, हे तुम्हाला जास्त लागलं आहे.

दुसरं, फ्रेमच्या पाठीमागे लिहून ठेवा: हे चित्र एआयने तयार केलेलं आहे, अमुक साली, अमुक फोटोवरून, मुलाने करून घेतलं. शाईने, ठळक. मोबाइलमध्ये खरे फोटो आणि बनवलेली चित्रं वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. काही कंपन्या अशा चित्रांवर कोपऱ्यात छोटी खूण किंवा फाइलच्या आत नोंद ठेवतात, पण कोपरा कापला जातो आणि व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवताना आतल्या नोंदीही बहुधा गळून जातात. पाठीवरचं अक्षर टिकतं.

एक सावधगिरी. तुम्ही बोटाचा विषय काढलात की भाऊ म्हणेल, "त्यात काय, दोन मिनिटांत बोट बरोबर करून घेतो." नको म्हणा. बोट अर्धं केल्याने चित्र खरं होणार नाही, फक्त जास्त पटेल. आणि आईंचं "तिकडं" कायमचं मोडेल. ते पूर्ण बोट आहे म्हणून तर जाणत्या माणसाला कळतं की हे इथलं नाही.

आता व्हिडिओ. इथे माझं मत स्पष्ट आहे: करू नये. चित्र गप्प असतं, त्यापुढे आई आपल्या मनातलं बोलतात. व्हिडिओत आप्पा बोलणार, पण ते वाक्य कोण लिहिणार? भाऊच. तामिळनाडूचे माजी मुख्यमंत्री करुणानिधी २०१८ साली वारले आणि २०२४ च्या जानेवारीत एका कार्यक्रमात, एआयने केलेल्या रूपात, पडद्यावर भाषण करताना दिसले. ते उघडपणे केलेलं होतं, कुणाची फसवणूक नव्हती. तरी त्या तोंडी घातलेले शब्द आज जिवंत असलेल्या माणसांचेच होते. राजकारणात हे चालवून घेणारे घेतील. पण मुलगा आपल्या बापाच्या तोंडून नातवाला आशीर्वाद देववतो तेव्हा आप्पांना काय म्हणायचं होतं, हा प्रश्नच कायमचा बंद होतो.

दक्षिण कोरियात २०२० साली एका दूरचित्रवाणी वाहिनीने आजाराने गेलेली लहान मुलगी आभासी रूपात उभी केली होती. डोळ्यांवर यंत्र लावून तिची आई तिला भेटली, बोलली, रडली. बघणाऱ्यांत दोन तट पडले. काहींना ते दिलासा देणारं वाटलं, काहींना एका आईच्या दुःखावर केलेला प्रयोग. पण तिथे एक गोष्ट होती जी तुमच्या घरात होत नाहीये. ती आई आधीपासून त्यात सामील होती, काय होणार आहे हे तिला ठाऊक होतं. तुमच्या आईंना हे अचानक, केक कापताना, वीस-पंचवीस पाहुण्यांसमोर दिसणार आहे. आवाज चित्राहून फार आत जातो. त्यांना धक्का बसला तर त्या तिथे रडूही शकणार नाहीत, नातवाचा वाढदिवस म्हणून गिळून टाकतील. भावाने हा विचार केलेला नसणार. त्याच्या मनात फक्त आनंद द्यायचा आहे.

शिवाय तुमच्याकडे आप्पांचा खरा आवाज आहेच की! "एसटीत बसलीस का, पोचल्यावर फोन कर." बापाचं मुलीवरचं प्रेम याहून वेगळं ते काय असतं? भाच्याला ते ऐकवा. "हे तुझे आजोबा, आत्याची काळजी करताहेत" असं सांगा. पाहुण्यांसमोर ऐकवू नका, घरातल्या घरात, आईंना आधी विचारून ऐकवा. कदाचित आईंनीही तो आवाज २०२१ नंतर ऐकला नसेल.

भावाशी बोलताना भावजय आणि आई समोर नकोत. भावजयीला वाटेल की तिच्या कौतुकावरच बोट ठेवलं, आणि आईंना दोघांपैकी एकाची बाजू घ्यावी लागेल. सुरुवात तुमच्या तक्रारीने करू नका, त्याच्या दुःखाने करा. तुमच्या लग्नात आप्पा अक्षता टाकायला होते, त्याच्या लग्नात ती जागा रिकामी होती. त्याच्या अल्बमात बाप नाही. या फ्रेमचं मूळ तिथे आहे. माझ्या मते असं काहीतरी म्हणा: "अरे, फ्रेम बघून मला आधी भरूनच आलं. तुझ्या लग्नात आप्पा नव्हते हे मलाही सलतं. पण मला त्यांचा तो हात आठवतो, आणि आपल्या पोरालाही तो ठाऊक असावा असं वाटतं. जुना फोटो बाहेर लाव. आणि त्यांचा आवाज करायचा असेल तर आधी आईला विचारू, आपण तिघं हो म्हटलं तरच." शेवटचं वाक्य सोडू नका. आप्पांचं रूप आणि आवाज ही एकट्या मुलाची वस्तू नाही, एकट्या मुलीचीही नाही. आईंनी सगळं ऐकून हवंच म्हटलं तर तुमच्या मनाविरुद्ध थोडं मान्य करावं लागेल, त्याचीही तयारी ठेवा.

आणि भावाची जी भूक आहे ती नुसत्या नकाराने भागणार नाही, त्याला काहीतरी हातात द्या. आप्पांचे खरे फोटो शोधा, दोघं मिळून. आपल्याकडे त्या पिढीतल्या कामगार माणसाचे स्वतःच्या घरात फोटो थोडेच असतात, पण दुसऱ्यांच्या घरात असतात. शिरोलीतल्या त्यांच्या जोडीदारांना फोन करा, खंडेनवमीला मशीनची पूजा करून काढलेले फोटो कुणाकडे तरी निघतील. नात्यातल्या लग्नांचे अल्बम मागा. पंगतीत वाढताना किंवा मांडवाच्या कडेला उभे असलेले आप्पा तिथे सापडतात, आणि अशा फोटोंत हात दिसतात. जुन्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट असतील तर मशीनमध्ये घालायची घाई करू नका, बुरशी धरलेली फीत अडकून तुटते. आधी जाणकाराकडून साफ करून डिजिटल करून घ्या. जोडीदारांकडे जाताना भावजयीला आणि भाच्याला बरोबर न्या. तिला आप्पा कुणीतरी सांगायला हवेत, आणि ती मंडळी सांगतील ते तुम्हालाही माहीत नसेल. फोटो स्कॅन करताना मागची बाजूही करा, तिथे बहुधा तारीख किंवा स्टुडिओचं नाव असतं. नसेल तर कोण कोण आहे ते पेन्सिलने हलकं लिहून ठेवा, आईंना विचारून.

पितृपक्षाच्या आधी हे बोलणं होऊ दे. काय ठरलं ते मला जरूर कळवा.